सुखी की दुःखी, एकच सांग

गोष्ट एवढीशीच आहे. लग्न होऊन मी पहिल्यांदा माहेरी आले आणि दारात रडले नाही. बस. एवढ्यावरून लोक माझा संसार मोडायला निघाले होते, आणि तेही कोणी परके नव्हेत. माझी आत्या, माझा बाप, माझी गल्ली. त्याला आता कितीतरी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, पण तो राग काही गेला नाही. तो जावा म्हणून मीही फार खटपट केली नाही.

आधी आमची गल्ली सांगते. नागपूरच्या जुन्या वस्तीत विणकरांची घरं. पुढच्या खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यावर माग, खड्ड्यात पाय सोडून बसलेला घरातला कर्ता माणूस. आमच्या घरी बाबा बसायचे. आम्ही बहिणी मायजवळ बसून कांड्या भरायचो, म्हणजे धोट्यात घालायचं सूत बारीक नळ्यांवर गुंडाळायचो. सकाळी डोळे उघडायच्या आधी मागाची खटखट कानात यायची आणि दिवसभर चालायची. तिची इतकी सवय, की ती चालू असताना आम्हाला ऐकूच येत नसे. ऐकू यायचं ते फक्त ती थांबली की. माग थांबला म्हणजे धागा तुटला. मग ज्या खोलीत जो असेल तो तिथूनच ओरडायचा, "काय तुटलं?" आणि आमच्यापैकी एखादी धागा सांधायला पळायची.

पुढे पुढे हा प्रश्न मागापुरता राहिला नाही. घरात कोणी गप्प बसलं की बाबा विचारायचे, "काय तुटलं गा?" बहिणीला ताप आला, ती पडून राहिली, तर तेच. मी खिडकीत बसून नुसती रस्ता बघत असले, तरी तेच. बाबा प्रेमळ होते, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण त्यांच्या लेखी शांतता ही एकाच कारणानं होत असे. काहीतरी मोडलं म्हणून. माणूस उगीच गप्प असू शकतो, हे त्यांना मागानं कधी शिकवलं नव्हतं.

आणि गल्लीची दुसरी रीत म्हणजे भेट. मुलगी सासरहून आली, मावशी गावाहून आली, कोणी बरेच दिवसांनी भेटलं, की बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडायच्या. नुसतं रडायचं नाही, चालीवर रडायचं. "आली वं माही बाई, कोन्या उन्हातून आली वं," असं म्हणत मोठ्यानं सूर लावायचा, दुसरीनं तो उचलायचा, तिसरीनं वाढवायचा. पोटभर रडून झालं की डोळे पुसून लगेच "चहा मांडू का?" म्हणायचं. मी याला नावं ठेवत नाही. त्या रडण्यात किती बायकांनी किती काय मोकळं केलं असेल, ते त्यांनाच माहीत. पण ते रडणं म्हणजे हजेरी होती. ज्या बाईनं भेट घेतली नाही, तिची नोंद व्हायची.

या कामात माझी माय गल्लीत पहिली. एरवी तिचा आवाज घरात ऐकू येत नसे. पण कोणाची लेक आली किंवा चालली, की बायका आधी तिला बोलवायला यायच्या. ती सुरुवात करायची आणि दगडालाही पाणी सुटेल असा सूर लागायचा. आम्हा बहिणींना त्याचा अभिमान वाटायचा. चारचौघांत तिचा उपयोग फक्त रडण्यासाठी होतो, हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

मी लहानपणापासून या कामात कच्ची. देश स्वतंत्र झाला त्या सकाळी आम्हाला शाळेच्या पटांगणात उभं केलं होतं. झेंडा लागला, भाषणं झाली, ऊन चढलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवटी हातात एकेक पेढा ठेवून बाईंनी विचारलं, "मुलींनो, आनंद झाला ना?" सगळ्या ओरडल्या, "झाला!" मी ओरडले नाही. मला आनंद झाला नव्हता आणि वाईटही वाटलं नव्हतं. काहीतरी फार मोठं झालंय आणि माझ्या तळपायाला खडा टोचतोय, एवढंच कळत होतं. बाईंनी माझी हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "देश स्वतंत्र झाला आणि तुला दुःख झालं?" आता सांगा, असं कुठं कोणी म्हटलं होतं? पण तिथं दोनच खण होते. पहिल्यात नसेल तर दुसऱ्यात टाका. घरी आले तर बाबांनी तोंड बघून विचारलं, "काय तुटलं गा?"

लग्न झालं तेव्हा मी सातवीची परीक्षा होऊन घरी बसलेली होते. सासर उमरेडचं, आमच्याच समाजातलं. त्यांच्याकडेही माग होते, पण नवरा मागावर बसणारा नव्हता. तो जंगल खात्यात नाकेदार होता. खाकी कपडे, पायात जाड बूट, बोलणं कमी. लग्नाच्या आधी मी त्याला पाहिलं ते बघायला आले तेव्हा, तेही मान खाली घालून, म्हणजे बुटांसकट गुडघ्यापर्यंत.

पाठवणीला मी रडले. खूप रडले. मायनं सूर लावल्यावर कोण रडणार नाही? मग आम्ही छोट्या गाडीत, म्हणजे अरुंद रुळांच्या आगगाडीत बसलो. ती उमरेडची गाडी इतकी हळू चालायची की पोरं खाली उतरून बोरं तोडून परत चढतात, असं लोक थट्टेनं म्हणत. नवरा पुरुषांबरोबर पलीकडे बसला, मी बायकांत, माझी लोखंडी पेटी पायाशी. खिडकीबाहेर कापलेली शेतं, पळस, मध्येच एखादं स्टेशन. मी काही विचार करत होते असंही नाही. गाडी चालली होती आणि मी बसले होते.

उमरेडला दारात माप ओलांडलं. सासूनं ओवाळलं आणि मागं वळून सगळ्यांना म्हणाली, "आली गा बाप्पा सून घरात!" सासू चांगली होती. तिनं पाण्याचा माठ कुठं, पिठाचा डबा कुठं, नहाणी कुठं, सगळं एकदाच दाखवलं आणि पुन्हा त्यावरून कधी बोलली नाही. जेवायला पोटभर वाढायची. काम होतं, पण ते माहेरीही होतं. नवरा नाक्यावर जंगलात राहायचा, आठ-पंधरा दिवसांनी घरी यायचा. एकदा आला तेव्हा रुमालात टेंभरं बांधून आणली आणि चुलीजवळ ठेवून निघून गेला. कोणासाठी आणली ते सांगितलं नाही. मी दोन खाल्ली, थोडी तुरट, थोडी गोड, आणि बाकीची सासूला दिली. रात्रीच्या जेवणाला तो म्हणाला, "उद्या सकाळी निघतो." मी म्हटलं, "बरं."

हा माझा सुरुवातीचा संसार. यात मी दुःखी कशाला होऊ? आणि सुखी तरी कशाची? कपडे टांगायच्या वळणीवर जागा होती तरी मी लुगडी पेटीतच ठेवायची. लागेल ते काढायचं, धुऊन वाळवून घडी घालून परत पेटीत. सासू एकदा म्हणाली, "टांग नं वं वर, पेटीत कुबट होते." मी हो म्हटलं आणि तशीच ठेवली. का, ते मला सांगता आलं नसतं.

मग आखाड आला. नव्या नवरीनं आखाडाचा महिना सासरी काढायचा नाही, म्हणून बाबा मला न्यायला आले आणि मी पेटी घेऊन परत छोट्या गाडीत बसले. गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला तेव्हा बायका जमलेल्याच होत्या. आत्या सगळ्यात पुढे. ती बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच राहायची, आणि घरात काय चाललंय हे ठरवायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. तिनं मला मिठी मारली, सूर लावला. बाकीच्यांनी उचलला. माय आली, तिनं लावला. गल्लीभर तो सूर भरून गेला आणि मी मध्ये उभी. मला रडूच आलं नाही. मी प्रयत्न केला. आत्याच्या खांद्यावर डोकं ठेवून डोळे घट्ट मिटले. आलं नाही, तर मी काय करू?

एकेकीचा सूर बंद पडला. आत्यानं मला हातभर लांब धरून न्याहाळलं. "काहून रडत नाई वं?"

"रडू येऊन नाई राहिलं," मी म्हटलं. खरं तेच होतं.

त्या दुपारपासून गल्लीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं असं, की पोरीला सासर इतकं गोड लागलं की माहेरचं काही वाटेनासं झालं. चार-दोन महिने झाले नाहीत तर मिजास बघा! दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की पोरगी इतकी सोसून आली आहे की डोळ्यांतलं पाणी आटलं. हा तट मोठा होता, कारण आत्या त्यात होती. दोन्ही तटांतल्या बायका माझ्यासमोर बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझ्याबद्दल बोलायच्या. मी तिथंच कांड्या भरत बसलेली असायची. माझ्या मनात काय आहे, याबद्दल त्यांना जेवढी खात्री होती तेवढी मला स्वतःला आजवर कधी आलेली नाही.

आत्यानं तर मला मागच्या अंगणात बसवून सगळं विचारलं. नवरा मारतो? नाही. पितो? नाही. सासू उपाशी ठेवते? नाही. टोमणे मारते? नाही. बाहेर कोणी आहे त्याचं? मला माहीत नाही, पण नसावं.

"मंग सुखी हाय तू!"

"नाई."

"मंग दुःखी हाय."

"तसंही नाई, आत्या."

"असं कसं वं असते?" आत्या चिडली. "काहीतरी एक तं असन नं!"

मी 'बरी आहे' म्हणून पाहिलं. हळू म्हटलं, तर म्हणाल्या, बघा, आवाजच निघत नाही. मोठ्यानं म्हटलं, तर म्हणाल्या, लपवते. 'ठीक आहे' म्हटलं, तर समोरची काकू पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माय बाप्पा, ठीक म्हनते पोरगी!" 'चाललं आहे' म्हणून पाहिलं, तर कुठं चाललं आहे, काय चाललं आहे, असं पुन्हा पहिल्यापासून सुरू. माझ्याकडचे शब्द संपले. लुगड्याच्या काठाच्या रंगाला आमच्याकडे शंभर नावं होती. किरमिजी वेगळा, डाळिंबी वेगळा, कुसुंबी वेगळा. चूक केली तर बाबा ओरडायचे. आणि बाईच्या मनासाठी दोन. बाकी रंग आम्हाला दिसायचेच नाहीत की काय, मला कळत नाही.

एका मायनं तेवढं काही विचारलं नाही. ती कांड्या भरत राहिली, मला कांड्या देत राहिली. मला वाटलं, ती रागावली आहे. गल्लीत तिची मान खाली गेली असणार. पहिल्या नंबरच्या रडणाऱ्या बाईची लेक दारात कोरडी उभी राहिली!

मी गप्प होत गेले. बोलून उपयोग नव्हता. आणि तिथंच घात झाला, कारण आमच्या घरात गप्प होणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच आहे. बाबा मागावर बसून माझ्याकडे बघायचे. "काय तुटलं गा?" मी मान हलवायची. माझी पेटीही तशीच कोपऱ्यात बंद होती. माहेरीही लुगडी त्या पेटीतच राहत होती, लागेल तेवढं काढायचं. आत्यानं ते बाबांना दाखवलं. "पाह्य, पेटी बी खाली करत नाई पोरगी." बाबांचा निकाल झाला. आवाज बंद आहे, म्हणजे काहीतरी तुटलं आहे, आणि ते इथं तुटलेलं नाही, म्हणजे उमरेडला तुटलं. धागा असता तर त्यांनी दोन टोकं शोधून चिमटीत धरून सांधला असता. तेच करायला ते एका सकाळी, मला न सांगता, उमरेडच्या गाडीत बसले.

तिथं जाऊन त्यांनी काय करावं? सासऱ्यांच्या ओट्यावर, शेजारपाजारचे ऐकत असताना म्हणाले, "माह्या पोरीले तुमी काय केलं ते सांगा." सासू दारात येऊन उभी राहिली. बाबांनी नंतर स्वतःच सांगितलं, तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, "माठापासून पिठापर्यंत सारं घर तिच्या हातात देल्लं जी मी." सासरे तापट होते. ते म्हणाले, "काय केलं ते तुमच्या पोरीनंच चार मानसांसमोर सांगावं. सांगितलं तं आमी ऐकू. आन् सांगन्यासारखं काई नसन, तरी तोंड पाडून बसनार असन, तं ठेवा तिले तुमच्याकडेच."

बाबा संध्याकाळी परत आले ते हे घेऊन. राखी झाली की समाजाची वडीलधारी माणसं आमच्या घरी बसतील, सासरे आणि नवरा येतील, आणि मी सांगायचं. दुःखी म्हटलं तर नवऱ्याच्या माथी न केलेला गुन्हा. सुखी म्हटलं तर बाबा खोटे पडणार, आणि मीही खोटं बोलणार. काहीच म्हटलं नाही, तर जन्मभर बापाच्या घरी कांड्या भरत बसायचं, टाकलेली म्हणून. टाकलेल्या बाया गल्लीत होत्या. त्यांना हळदीकुंकवाला बोलावत नसत, आणि त्यांच्या पाठच्या बहिणींना स्थळं येत नसत. माझ्या पाठीवर दोन बहिणी होत्या.

मला परत जायचं होतं का, असं कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. मोठ्या ओढीनं नव्हे. पण तिकडे काय आहे ते मला अजून बघायचं होतं. त्या माणसाचा चेहरा मी धड पाहिला नव्हता. टेंभरं कोणासाठी होती, ते विचारायचं होतं. पण हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही.

बैठकीच्या दिवशी माग बंद ठेवला होता. पुढच्या खोलीत सतरंजी टाकली, खड्ड्यावर फळ्या टाकल्या आणि माणसं बसली. टोप्या, उपरणी, पानाचा डबा. माझा नवरा कडेला, खाकी कपड्यांत, टोपी मांडीवर ठेवून. बायका आतल्या खोलीत दाराआड. मला उंबऱ्यात उभं केलं, डोक्यावर पदर. मघाशी पाणी द्यायला बाहेर आले तेव्हा नवऱ्यानं हळूच विचारलं होतं, "माह्याकून काई चुकलं का?" मी "नाई" म्हटलं. दोघांनाही दुसरं वाक्य येत नव्हतं. पण विचारलं तरी त्यानंच, हे मी विसरलेली नाही.

मधोमध एक म्हातारे बसले होते, समाजात त्यांचा शब्द चालायचा. ते गोड आवाजात म्हणाले, "बाई, आमी तुह्या बापावानी. घाबरू नको. लांबन नाई लावाची. सुखी हाय का दुःखी, एकच सांग."

बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मागाची खटखट नसलेलं ते घर मला ओळखू येत नव्हतं. समोर कोपऱ्यात माझी पेटी होती, उमरेडहून आणली तशी, कडी लावलेली. मी तिच्याकडे बघत राहिले. ही पेटी तिकडेही रिकामी झाली नाही आणि इकडेही रिकामी झाली नाही. मग मला जे इतके दिवस सापडत नव्हतं, ते एकदम जिभेवर आलं.

"मी अजून पोचली नाई," मी म्हटलं.

"काय म्हनते?" एकानं विचारलं.

"मी दुःखी नाई. सुखी बी नाई. मी इथून निघाली, पन तिथं अजून पोचली नाई."

मग ते गोड आवाजाचे म्हातारे हसले. "अवं, उमरेडले जाऊन तं आली नं तू! छोट्या गाडीनंच गेली नं? का बैलगाडीनं?" मग सगळेच हसले. बाबासुद्धा, सुटल्यासारखे. सासरेही हसले. आतून आत्याचा आवाज आला, "येडी झाली पोट्टी." माझे कान तापले. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्याबद्दलची खरी गोष्ट सापडली होती, ती मी चार माणसांसमोर मांडली, आणि ती या लोकांनी पानाबरोबर चघळून टाकली. मला तेव्हा रडू आलं असतं. संतापानं. पण ते मी त्यांना दिलं नाही.

इतक्यात माझ्या मागून दाराआडून कोणी बोललं. आधी मला आवाज ओळखू आला नाही. सुराशिवाय तो आवाज बाहेरच्या माणसांत कोणी ऐकलाच नव्हता.

"हसू नका जी," माय म्हणाली. "पोरगी खरं सांगून राहिली. तिले नेऊन बसवलं, एवढंच झालं. पोचाले येळ लागते. लागू द्या."

हसणं थांबलं. बाबांनी दाराकडे पाहिलं. बैठकीत बाईनं आपणहून बोलायचं नसतं, आणि बोललीच तर त्यावर काय करायचं हे कोणाला माहीत नव्हतं. सासरे खाकरले. "म्हंजे तक्रार नाई?"

"नाई," मी म्हटलं.

"पन याले का निकाल म्हनावं गा?" म्हातारे कुरकुरले. त्यांना एका शब्दाचं उत्तर हवं होतं आणि ते मिळालं नव्हतं.

तेव्हा माझा नवरा टोपी हातात घेत म्हणाला, "मले घाई नाई."

एवढंच. पुढे जन्मभरात त्याच्या हातून बऱ्याच चुका झाल्या, आणि मी त्या त्याला वेळच्या वेळी ऐकवल्या. पण हे एक वाक्य मी कायम त्याच्या बाजूला धरलं. लोक आता विचारतात, मग पुढे झालात का सुखी? म्हणजे तेच! इतकं सगळं सांगितल्यावर पुन्हा तेच! मी अशांना उत्तर देत नाही. एवढं सांगते, की पेटीतली लुगडी वळणीवर गेली. कधी गेली, ते माझं मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. सासरे आणि नवरा टांग्याजवळ थांबले. बाबांनी मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन मागावर बसले. बायकांच्या रडण्यात पुरुषांनी उभं राहायचं नसतं. आतून खटखट सुरू झाली. गल्लीतल्या बायका जमल्या होत्या, दोन्ही तटांतल्या. आदल्या दिवशीचं सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि आज तरी पोरगी रडते का, ते त्यांना बघायचं होतं. आत्यानं मला मिठी मारून सूर लावला. मग ती बाजूला झाली आणि सगळ्या मायकडे बघू लागल्या. सूर तीच पुढे नेणार होती.

माय माझ्यासमोर आली. तिनं मला गळ्याशी धरलं. तिच्या अंगाला खळीचा वास येत होता. बायका वाट बघत उभ्या होत्या. ती काहीच म्हणाली नाही. रडली नाही. नुसती धरून उभी राहिली, कितीतरी वेळ. एका बाईनं दुसरीला कोपरानं ढोसलेलं मला तिच्या खांद्यावरून दिसलं.

मग ती माझ्या कानाशी म्हणाली, "तू पोचली का मले सांगजो. मी तं अजून पोचली नाई."

मी तिच्या तोंडाकडे बघायला मान मागे घेतली. तिचे डोळे कोरडे होते आणि ती अगदी शांत दिसत होती. तिच्या लग्नाला तेव्हा माझ्या वयाहून जास्त वर्षं झाली होती. तेवढी वर्षं ती साऱ्या गल्लीच्या लेकींसाठी रडली, आणि तिला स्वतःला काय वाटतं हे विचारायला त्या घरात, त्या गल्लीत, एकही माणूस आलं नाही. मी पण नाही.

गल्ली गप्प होती. लेकीच्या पाठवणीला आमच्या दारात इतकी शांतता कधी झाली नव्हती. ती आत मागापर्यंत पोचली. खटखट थांबली. बाबा धडपडत खड्ड्यातून बाहेर आले, दारात उभे राहिले आणि घाबऱ्या आवाजात त्यांनी विचारलं,

"काय तुटलं? काय तुटलं गा?"

मायनं मान वळवली नाही. माझा पदर नीट करत ती म्हणाली, "काई नाई तुटलं. तुमी जा, मागावर बसा."

आणि तिनं माझी पेटी उचलून स्वतःच्या हातानं टांग्यात ठेवली.